कवड्या धीवराचं पान

दामले सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी करंजाड्यातल्या माझ्या घरी चहा गाळत होतो. गाळणी हातात तशीच राहिली. पाच आठवडे झाले, तरी खरं वाटत नाही… तीस वर्षं आम्ही एका शाळेत शिकवलं. ते मराठी, मी गणित. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, हे मासळी बाजारात जाऊ लागले. तेही पक्के शाकाहारी! हातात खाडीवरच्या पक्ष्यांचे फोटो आणि कोळणींना एकच प्रश्न, "याला तुम्ही काय म्हणता?"

कवड्या धीवर या पक्ष्याचा फोटो पाहून विठाबाई नावाच्या कोळणीनं क्षणात सांगितलं, "निवटी." सर हरखले. पक्ष्यांच्या नावांची एक पुस्तिका ते स्वखर्चानं छापत होते, तिच्यात अर्धं पान सजलं: मासा निवटतो, म्हणजे मारतो, म्हणून निवटी. खाली छापलं, माहिती विठाबाईंची. पुस्तिका वाटून झाल्यावर मी ते वाचलं आणि हसून बेजार झालो. निवटी हा चिखलातला मासा, आमच्याकडे त्याचं कालवण होतं. फोटोत तो पक्ष्याच्या चोचीत होता. कोळीण मासा सोडून पक्षी कशाला बघेल!

सर मात्र हसले नाहीत. "चूक माझी आणि छापलंय तिचं नाव. लोक तिला हसतील," म्हणाले. मग पंचाहत्तरीचा हा माणूस उरण, कोन असा दारोदार फिरला आणि एकेका प्रतीतलं ते पान स्वतःच्या हातानं दुरुस्त करून आला. इतका सरळ आणि इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

विठाबाईंची माफी मागायला सर बाजारात गेले, तेव्हा मी सोबत होतो. बाईंनी फोटो पुन्हा निरखला. "याचं नाव मना काय ठावं? पन बघा ना सर, पान्यावर थांबतो, नेम धरतो, मासा काढतो… आमच्यातलाच हाय."

सरांचे डोळे भरून आले. धीवर म्हणजे मासेमार. हे नाव संस्कृतातून आलेलं. अंगावर कवडीसारखे ठिपके, म्हणून कवड्या. पुस्तकांतला अर्थ बाईंनी नुसतं बघून सांगितला होता.

त्या दिवशी बाईंची प्रत त्यांच्या घरी राहिली होती, त्यामुळे तिच्यातलं पान दुरुस्त झालं नाही आणि पुढे सर आजारी पडले. दवाखान्यात सर मला शेवटचं म्हणाले, "तेवढी एक राहिली रे…"

गेल्या आठवड्यात मी पेन घेऊन बाजारात गेलो. सर गेल्याचं विठाबाईंना कळलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी पुस्तिका काढली, पान उघडलं आणि त्यावर तळवा ठेवला.

"खोडू नका, भाऊ. समद्यांच्या घरची चूक सरांनी पुसली. माझ्याकडं तेवढी ऱ्हाऊ द्या."