पिस्ते सोलणारी आई

असिमिनाबाईंचा धडा चिखलापासून सुरू व्हायचा. "पुस्तकातली चित्रं बघून जुनी कला कळली असती, तर मला कशाला पोसलं असतं? बाह्या वर करा!" असं म्हणत त्या ग्रीसमधल्या एजिना बेटावरच्या शाळेतली पोरं पटांगणातल्या भट्टीपाशी न्यायच्या. पोरांनी मडकी घडवायची, त्याच मातीच्या बारीक गाळलेल्या लेपानं वर माणसं रंगवायची, डोळे-बोटं सुईनं कोरायची. खरी मेख भाजण्यात. भट्टीची हवा कोंडली की सगळं काळंठिक्कर पडतं. शेवटी झरोका पुन्हा उघडला की माती लाल होते, चित्र तेवढं काळं राहतं. हे काम बाई कुणाच्या हाती देत नसत. नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली, अंगावरचे शोकाचे काळे कपडे काही उतरले नव्हते. जिभेची धारही नाही.

त्या वसंतात बारा वर्षांच्या दियामांतोची आई गेली. पोरीनं तेलाचा बुधला घडवला आणि त्यावर आई काढली, अंगणात बसून पिस्ते सोलणारी.

"जुन्या मडक्यांवर असलं कुठं असतं?" एकानं टोकलं.

"दोन हजार वर्षांनी म्हणतील, होतं. तू गप बस," बाई म्हणाल्या.

रविवारी आईच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होती. गेलेल्याच्या नावानं चर्चमध्ये ठेवतात त्या उकडलेल्या गव्हाच्या ताटाशेजारी बुधला ठेवायचा, एवढंच पोरीचं मागणं.

शुक्रवारी भट्टी लागली. शेवटी झरोका पुन्हा उघडून दोन मिनिटं झाली नाहीत, तोच चर्चची घंटा संथ वाजू लागली. कुणाची तरी अंत्ययात्रा शाळेवरून निघाली होती. अशा वेळी गावात उघडं काही ठेवत नाहीत. पोरांनी खिडक्या लावल्या, समोरच्या वाण्यानं दार ओढलं, आणि बाईंनी हाताच्या सवयीनं झरोक्यावर वीट सरकवली. शवपेटी समोरून गेली तेव्हा त्यांना नवऱ्याचीच दिसत होती. वीट तशीच राहिली.

शनिवारी भट्टी उघडली तर सगळी मडकी काळी. बुधल्यावर आई नव्हती.

"मीच माती खाल्ली गं," बाई म्हणाल्या. "पुन्हा भाजता येईल, पण उद्यापर्यंत नाही."

पोर रडली नाही, त्याचीच बाईंना भीती वाटली. ती बुधल्यावर बोट फिरवत होती. कोरलेल्या रेषा बोटाला लागत होत्या.

"हा डोळा," ती म्हणाली. "राहू दे असाच. आजी वर्षभर काळं घालणार आहे. वर्ष झालं की भाजू."

वर्ष सरलं, तशी ती बुधला टॉवेलात गुंडाळून आली. या खेपेला बाई ती वीट आधी फाटकाबाहेर टाकून आल्या. भट्टी निवल्यावर बुधला बाहेर काढला. लाल मातीवर आई बसली होती, मांडीवर पिस्ते घेऊन.

दियामांतोनं आईवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाई, या बुधल्यानं वर्षानं काळं सोडलं. तुम्ही कधी सोडणार?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर बाईंनी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या भट्टीच्या पायरीवर बसल्या. "भीती वाटते गं. सोडलं तर तो खरंच जाईल."

दियामांतोनं अजून कोमट असलेला बुधला त्यांच्या हातात ठेवला.

"आई गेली का? बघा ना."