अर्धा इंच

हैदराबादमधल्या हिमायतनगरच्या नामदेवराव टेलरांशी मी कडाकडा भांडले आणि चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

नामदेवराव सत्तरीचे. त्यांच्या आजोबांच्या काळात घर नांदेडकडची शेती सोडून इथे आलं. त्यांची मराठी अर्धी दख्खनी, हट्ट मात्र पुरेपूर. शाळा-क्लबांच्या टीमची जॅकेटं शिवतात. कापड कापण्याआधी माप दोनदा घेणार, तेही दोन्ही हातांचं. प्रत्येक पोराचं माप वहीत नावानिशी.

माझी तन्वी तेरा वर्षांची. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. सकाळी शाळेच्या टीमसाठी, संध्याकाळी कुकटपल्लीच्या क्लबसाठी. राज्याच्या टीमची निवड दहा दिवसांवर होती, म्हणून जॅकेट शिवायला तिला घेऊन गेले.

नामदेवरावांनी टेप लावली, थांबले, वही काढली, पुन्हा लावली.

"ताई, उजवी बाही अर्धा इंच कमी येते."

"मग तशी शिवा."

"नक्को. मागच्या साली दोन्ही बरोबर होत्या. पोरगी वाढते तर दोन्हीकडून वाढंल ना. बेटा, हात सरळ कर."

"सरळच आहे, अंकल," तन्वी म्हणाली. कोपर वाकलेलंच होतं.

निवड तोंडावर आणि हे असलं काही, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सुतावरून स्वर्ग गाठू नका. तुम्ही टेलर आहात की डॉक्टर?"

"टेलर हौ. म्हणूनच कातरी लावत नाही."

आबिड्सच्या बाजारात टेलरांची काय कमी, असं बडबडत मी तिला बाहेर काढलं. गाडीत विचारलं, दुखतं का? दोन महिने दुखत होतं. केससुद्धा ती डाव्या हाताने विंचरत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणतेस ना, हाती घेतलं ते तडीस न्यायचं."

मी गाडी थेट डॉक्टरांकडे वळवली.

डॉक्टरांनी विचारलं, रोज किती चेंडू फेकते? मी दोन्हीकडे फोन लावले. शाळेचे सर म्हणाले पन्नास. क्लबचे सरही पन्नासच म्हणाले. दोघांचं खरं होतं. बेरीज करायला हवी होती ती मी, आणि मी दिवसभर कंपनीत आकड्यांशीच खेळते. कोपरात वाढत्या हाडाच्या टोकाला इजा झाली होती. चार महिने चेंडूला हात लावायचा नव्हता. निवड गेली. तन्वी दोन दिवस जेवली नाही. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

चार महिने संपल्यावर, गेल्या शनिवारी, आम्ही नामदेवरावांकडे पुन्हा गेलो. जॅकेटचं कापड फळीवर न कापता तसंच होतं, वर तन्वीच्या नावाची चिठ्ठी. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"बोलू नका, ताई. माप चुकतं."

त्यांनी डावी बाही मोजली. एकवीस. उजवी मोजली, पुन्हा मोजली. एकवीस. मग कातरी उचलली.

"अंकल," तन्वी म्हणाली, "बाह्या जरा लांब ठेवा. पुढच्या निवडीला हेच घालायचंय."

नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी आधी तन्वीला विचारलं, "दुखत नाही ना?"