सव्वा भाग

माझ्या नणंदेने आजवर एकाही माणसाला स्वस्थ बसू दिलेलं नाही, आणि बसलेल्याला उठवल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. ती चित्रकार आहे. पण तिने स्वतः काढलेलं चित्र आमच्यापैकी कुणी पाहिल्याचं आठवत नाही. ती चित्रं लोकांकडून काढून घेते. राहते धुळ्याला. संग्रहालयं आणि वारसा जपणाऱ्या संस्था तिला बोलावतात, आणि मग ही बाई खांद्याला झोळी अडकवून गावं पालथी घालते. सावद्याला केळीच्या वखारीत तिने हमालांच्या हाती खडू देऊन भिंती रंगवून घेतल्या होत्या. बाहेर ट्रक ताटकळत उभा, व्यापारी कपाळाला हात लावून बसलेला, आणि ही म्हणते, "थांबा हो भाऊ, अजून त्यांचा घड पिकायचाय!" माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तर तिने व्याह्यांना सुईदोरा देऊन गोधडीवर त्यांचं नाव टाचायला बसवलं. व्याही टाके घालत होते आणि मी देव पाण्यात घालून बसले होते. वर मलाच ऐकवलं, "वहिनी, सहभाग! लोकांचा सहभाग नसेल तर ती कला कसली?" हा 'सहभाग' तिच्या तोंडात इतका बसलाय की झोपेतही म्हणत असावी.

एका जागी मात्र या बाईचा सहभाग नसे. श्रावणात शिरपूरजवळच्या आमच्या गावी आम्हा खानदेशींची देवी कानबाई बसते, तेव्हा आम्ही सगळे तिथे जमतो. घरातल्या सर्वांत वडील माणसाने माणशी सव्वा मूठ गहू मोजायचा, तो दळून त्याचे प्रसादाचे जाड रोट करायचे आणि दुसऱ्या दिवशी कानबाई उठली की भाऊबंदांनीच ते खाऊन संपवायचे. तुकडासुद्धा उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. सासरी गेलेल्या लेकीची मूठ आमच्या घराण्यात मोजत नाहीत. तिने तिच्या सासरचा रोट खावा. आता माझ्या नणंदेचं सासर दोन-तीन वर्षांतच सुटलं. तिकडचा रोट गेला आणि इकडचा परत मिळाला नाही. पंगत बसली की ही कॅमेरा घेऊन अंगणात जायची. हाक मारली तर म्हणायची, "तुम्ही जेवा, मला उजेड चांगला मिळालाय." मी परक्या घरची, लग्न होऊन आले त्या वर्षापासून गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीशी रोट खाते आहे, आणि त्या घरात जन्मलेली बाहेर उजेड बघत उभी. माझ्या ते कधीच गळी उतरलेलं नाही.

त्या वर्षी धुळ्याच्या एका संस्थेने कानबाईवर प्रदर्शन करायचं ठरवलं, आणि हिने आमच्याच घराचा शब्द देऊन टाकला. मग नानांना फोन केला. नाना म्हणजे माझे थोरले चुलतसासरे, घराण्यातले वडील माणूस. एका कानाने अधू आणि फोन नेमका त्याच कानाला लावायचे. ही म्हणाली, "नाना, औंदा माले बठ्ठास्ना सहभाग जोयजे." बठ्ठास्ना म्हणजे सगळ्यांचा. नानांनी ऐकलं, सव्वा भाग. नवऱ्याला सोडून आलेली लेक शेतात वाटा मागते आहे, तोही सव्वा! संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या भाऊबंदकीत पोचली. एका चुलतदिराने तर वकीलही गाठून ठेवला. नाना म्हणत होते, "भाग मांगना ते समजस, पन हाऊ वरना पाव कसाना?"

हे आम्हाला कानबाईच्या रविवारी गावी पोचल्यावर कळलं. ओसरीवर सगळे जमलेले. मधे गव्हाची पाटी, नाना मुठी मोजत होते. मी माझ्या नवऱ्याच्या कानात काही सांगणार, तेवढ्यात दारात जीप थांबली. नणंदबाई उतरल्या, आणि मागून संस्थेचे दोघे तीन पायांचं स्टँड घेऊन.

"मोजनीवाला बी लई उनी!" चुलतदीर ओरडला. कॅमेऱ्याचं स्टँड त्याला जमीन मोजायचं यंत्र वाटलं, आणि ते आणणारे मोजणीदार. तो उठून दारात आडवाच झाला. संस्थेचे दोघे जागच्या जागी थिजले. आता शब्दाला शब्द वाढला की हिचं माहेर कायमचं तुटलं, हे मला दिसत होतं.

नाना पाटीवरून मान न उचलता म्हणाले, "तुले सव्वा भाग जोयजे ना?"

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मला वाटलं, आता खो खो हसेल. ती हसली नाही.

"नाना, मी सहभाग म्हंतू. बठ्ठा मिळीसन काम करतस, ते," ती म्हणाली. मग तिची नजर पाटीतल्या गव्हावर गेली. "वावरना भाग मी कसाले मांगू? माले आठे रोटना तुकडा भेटस नही."

चुलतदीर दारातून बाजूला झाला आणि उगाच खांबाचा रंग खरवडू लागला. नानांची मूठ पाटीत तशीच राहिली. मग त्यांनी ती उचलली, भरून सुपात टाकली, आणि वर चिमूट चिमूट करत पाव मूठ घातली.

"हाऊ तुना सव्वा भाग," ते म्हणाले. "पन आयक. मूठ मोजाई गयी म्हंजे दरसाल येनं पडी. तुनं ते काम-बीम काही चालाव नही."

सगळ्या खानदेशाला कामाला लावणारी बाई पहिल्यांदा कुणाच्या तावडीत सापडली. दुसऱ्या दिवशी पंगतीत बसली, आणि चित्रण राहिलं बाजूला. संस्थेच्या माणसांनी खुणा केल्या, तर तिने भरल्या तोंडाने नुसता हात हलवला. प्रदर्शनात आमच्या घराच्या चित्रणाचा जो तुकडा दाखवला त्यात फक्त अंगण आहे.

तेव्हापासून तिने एकही कानबाई चुकवली नाही. नाना गेले, त्या श्रावणात गहू मोजायचा मान माझ्या नवऱ्याकडे आला. त्याने सगळ्यांच्या मुठी मोजल्या, हिची मोजली, वर पाव मूठ घातली. ती समोर बसून बघत होती. मग हळूच तिने त्याचं मनगट धरलं.

"दादा," ती म्हणाली, "नानानी मूठ मोठी व्हती."

त्याने पाटीत पुन्हा हात घातला.