राठोडकाकांचं पानांचं पाणी

राठोडकाका उन्हाळ्यात रस्त्यात कुठेही थांबत, खाली पडलेलं बदामाचं वाळकं पान उचलत आणि उन्हात धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळत. आर्णीच्या गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. खिडकीच्या काचा लोखंडी चौकटीत लांबी भरून चिकटवून त्यांनी घरी एक हौद केला होता. त्यात अरुणावती नदीतले बोटभर मासे, तळाशी ही पानं, आणि पाणी बिनदुधाच्या चहासारखं. माशांशी ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत. माणसांशी फारसं नाहीच.

मी तेव्हा युवक मंडळाची स्वच्छ पाण्याची पत्रकं दारोदार वाटत होतो. शिकल्यासवरल्या माणसाच्या घरात असलं डबकं शोभत नाही, असं मी त्यांना पहिल्याच भेटीत सुनावलं.

"तोडलेलं पान सडते, बावा. गळलेलं मुरते," एवढंच ते म्हणाले. आमच्या पत्रकात हा फरक नव्हता, त्यामुळे तो मला पटला नाही.

होळीला ते तांड्यावर गेले आणि गल्लीतलाच म्हणून किल्ली माझ्याकडे देऊन गेले. माशांना चिमूटभर कणीक टाकायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं बजावून. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात पटकी आली आणि आम्ही गल्लीतल्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. त्या भरात मी हौदही उपसला. पानं उकिरड्यावर फेकली, काचा घासल्या, त्याच विहिरीचं पाणी भरलं. लख्ख दिसत होतं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू? सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते.

गल्लीत बभ्रा झाला. विहिरीत जहर आहे असं ठरवून बाया घागरी घेऊन नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या. पटकी असल्याच उघड्या पाण्यातून येते, हे मी घसा फोडून सांगत होतो.

"तुह्या साफ पाण्यानं मासे मारले, आता लेकरं मारतं का?" समोरच्या शांताबाईंनी विचारलं.

काका परतले. हौदात एकदा वाकून पाहिलं. मग सरळ विहिरीवर गेले, पोहरा ओढला आणि सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्याले. माशाचं पाणी वेगळं असते, माणसाचं वेगळं. पोट्ट्याले ते माहीत नव्हतं, त्यात विहिरीचा काय कसूर, असं त्यांनी बायांना समजावलं. शांताबाईंनी पहिली घागर भरली.

मी पार गोंधळलो. अन्याय करणाऱ्याशी कसं भांडायचं हे मला पाठ होतं. ज्याच्यावर आपण अन्याय केला तोच आपल्या बाजूनं उभा राहिला तर कुठं बघायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

पावसाळ्याआधी त्यांची वणीला बदली झाली. एसटीच्या टपावर त्यांची पेटी चढवून झाल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला ना. अजून हाये," ते म्हणाले. "पण राग माह्या घरचा, इहीर गावची."

गाडी हलली. त्यांनी हात केला नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.