कामथडीचा स्टोव्ह

पुढे माझ्या घरी स्टोव्ह आला, रेडिओही आला. पण नवी वस्तू म्हटलं की मला कामथडीची ती बाई आठवते.

भोरहून पुण्याला निघालेल्या आमच्या मोटारीचं इंजिन तापलं आणि ड्रायव्हरनं कामथडीला थांबून पाणी घातलं. तेवढ्यात आम्ही उतरलो. रस्त्याकडेच्या पडवीत तिशीची एक बाई चहासाठी पितळी स्टोव्ह पेटवत होती. तिनं पदर घट्ट खोचला, रॉकेलात भिजवलेल्या पेटत्या काकड्यानं बर्नर तापवला, त्याच्या भोकात पिन मारली आणि पंप मारायला लागली. निळी ज्योत भर्रकन उठली, तसे आम्ही सगळे मागे सरकलो.

"जपून बाई, भडका उडेल," मी म्हणालो.

"गावबी हेच म्हनतंय," ती हात न थांबवता म्हणाली. "पर चुलीच्या धुरानं माज्या सासूचं डोळं गेलं. माजं न्हाई मी जाऊ द्यायची. कोंबड्या इकल्या नि ह्यो आनला."

सासू स्टोव्हच्या अगदी जवळ, त्याच्या आवाजाला कान लावून बसली होती.

"आजी, तुम्हांला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"भ्या कशाचं? माज्या सुनंच्या हातात हाय न्हवं त्यो!" म्हातारी म्हणाली. मग सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असा आवाज चढवून म्हणाली, "आक्ख्या गावात कुनाकडं न्हाई. फकस्त माज्या सुनंकडं हाय!"

सुनेनं लाजून मान खाली घातली, आणि गरज नसताना स्टोव्हला आणखी दोन-चार पंप मारले.