तिसरं बटण

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षरही खोटं नाही. म्हणजे, थोडं आहे. पण आमच्या ऑफिसात खरेच किस्से इतके साचलेत की खोट्याला उभं राहायला जागा मिळत नाही!

नागपूरच्या महाल भागात, भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस. माणसं तीन: डबले साहेब, कोड लिहिणारी अश्विनी आणि तिचा कोड मोडून बघणारा मी. आम्ही स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहितो. म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच पाळतो असा करार. अट पुरी झाली की काम आपोआप. आणि एकदा ब्लॉकचेनवर चढवला की कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

*

अश्विनीच्या आईला एवढंच कळलं की पोरगी 'करार लिहिते'. रविवारी शेजारच्या काकू दारात हजर. "पोरी, स्टॅम्पपेपर मीच आणला वं. भाडेकरूचं तेवढं लिहून दे."

दिलं तिनं लिहून. आमच्या ऑफिसातलं वर्षातलं पहिलं पूर्ण झालेलं काम ते!

*

म्हणून साहेबांनी जाहीर केलं, कळमन्याच्या फळबाजारातला सौदा जमला नाही तर ऑफिसला कुलूप.

गिऱ्हाईक होते संत्र्याचे व्यापारी वसंतरावजी. साहेब त्यांना म्हणाले, "एकदा चढवलं की ब्रह्मदेवही बदलू शकत नाही!"

"ब्रह्मदेवाले काहून मधात आणता? चूक तर तुम्हीच करान!"

*

अश्विनीनं दोन बटणं केली. भाव पटला की दोघांनी 'हो' दाबायचं, माल उतरवायचा पास निघणार. कुणी 'नाही' दाबलं की गाडी मोकळी.

वसंतरावजींनी मोबाईल उलटासुलटा करून पाहिला. "यात 'पाहू' कुठं आहे?"

अश्विनी म्हणाली, "काका, कॉम्प्युटरला हो किंवा नाहीच कळतं."

"मंग त्यानं कळमन्यात धंदा करू नये!"

साहेब म्हणाले, "टाक वं तिसरं बटण."

"पण सर, 'पाहू' दाबल्यावर पुढे काय करायचं?"

"ते मग पाहू!"

आणि कॉन्ट्रॅक्ट चढलं.

*

पहिली गाडी काटोलहून आली, देवरावजींची. देवरावजी म्हणजे वसंतरावजींचे व्याही. त्यांची लेक यांची सून. आता व्याह्याला 'नाही' कसं म्हणणार? आणि पहिल्या झटक्यात 'हो' म्हटलं तर भावात मार! दोघांनी हसत हसत 'पाहू' दाबलं.

मोबाईल गप्प. पास निघेना, गाडी मोकळी होईना. एप्रिलचं ऊन, ताडपत्रीखाली संत्री शिजून राहिली.

"बदल ना आता!" साहेब ओरडले.

"बदलता येत नाही, सर. तेच तर विकलं आपण!"

साहेबांनी खिशातून ऑफिसची किल्ली काढून हातात धरली.

दोघे व्याही मात्र लिंबाखाली बसले. देवरावजींनी एक संत्रं सोललं, अर्धं पुढे केलं. वसंतरावजींनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, मान हलवली. भाव ठरला, अन् पासाविनाच दहा मिनिटांत गाडी रिकामी!

*

दुसऱ्या दिवशी वसंतरावजी जिना चढून आले. साहेब किल्ली घेऊनच बसले होते.

"मॅडम, एक नंबर चीज बनवली तुम्ही! साऱ्या कळमन्याले पाहिजे. एकच बदल करा."

"कोणता?"

"ते हो अन् नाही काढून टाका."

*

आता कबूल करतो. व्याह्यांचं नातं मी पदरचं जोडलं, ते दोघे नुसते ओळखीचे होते. बाकी, अश्विनी सध्या त्या ऑर्डरवरच काम करून राहिली आहे.