नंबर एकेचाळीसचं पत्र

माणसाचे दात बघून त्याचा स्वभाव सांगता येतो, असं कवळीताई छातीठोकपणे म्हणायच्या आणि दहातल्या आठ वेळा तोंडघशी पडायच्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं तेवढंच. बाकी अख्ख्या गल्लीला त्या कवळीताई, कारण बत्तीस वर्षं त्यांनी एका लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे. ताई त्यात प्लास्टर ओतून साचा काढायच्या, मेणात एकेक दात बसवायच्या, घासायच्या, चकाकी द्यायच्या. ती कवळी ज्याच्या तोंडात जायची तो माणूस त्यांनी कधी पाहिलेला नसायचा. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. कवळी बसली म्हणजे झालं.

लग्न त्यांनी केलं नाही. वडील आधीच गेले होते, आणि आई गेली तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या, धाकटा भाऊ आठ वर्षांचा. त्याला हाताशी धरून उभं करण्यात पंधरा वर्षं गेली, आणि नंतर विचारायला कोणी आलं नाही. एकटीचं कसं निभणार, असं एखादी मावशी सुस्कारा टाकून म्हणालीच तर ताई म्हणायच्या, "नकाशेवाल्याचं निभतंय की."

हा नकाशेवाला म्हणजे टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतला माणूस. एक अंतराळयान, त्यात सात जण आणि दर आठवड्याला नवा ग्रह. कप्तान देखणा होता, डॉक्टरीण हुशार होती, नकाशेवाला मात्र ना देखणा ना बोलका. ताऱ्यांचे नकाशे काढायचा, आपली खोली आपण झाडायचा, आणि बाकीचे घरच्या आठवणी काढत बसले की मुकाट्याने उठून कामाला लागायचा. दर गुरुवारी संध्याकाळी ताई आणि धाकटा एका खाटेवर, एकाच पांघरुणात पाय घालून त्याला बघायचे. ताईंना वाटायचं, हा आपल्यातला आहे, याचं कामाशीच लग्न लागलंय. त्याच्याकडे बघून त्यांना स्वतःच्या एकटेपणाची लाज वाटेनाशी झाली. लोक याला वेड म्हणोत, पण ज्या माणसाने इतकं दिलं त्याला नुसता टीव्हीवरचा माणूस म्हणणं कृतघ्नपणाचं आहे.

मालिका बंद पडली तेव्हा ताईंनी चाहत्यांचं मंडळ काढलं. लॅबच्या वरची खोली, महिन्याचा पहिला रविवार, सकाळी दहा. सुरुवातीला कप्तानाच्या आणि नकाशेवाल्याच्या बाजूचे लोक हमरीतुमरीवर यायचे, एकमेकांचं नाव ऐकलं की टोमणे मारायचे. तेव्हा ताईंनी नियम केला. पत्र लिहायचं तर नाव घालायचं नाही, वर फक्त सभासद नंबर. पाकीट सभेतच फोडायचं, आधी कोणी वाचायचं नाही. आणि पत्र पूर्ण वाचायचं, एक शब्दही गाळायचा नाही. वाचायच्या ताईच, त्यांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा. नंबरांची वहीही त्यांच्याकडेच असायची, आणि ती त्यांना तोंडपाठ होती.

यंदा त्या मालिकेवर नवा चित्रपट आला. मंडळाचे तेहेतीस जण दोन रांगा अडवून बसले. शेवटी म्हातारा झालेला नकाशेवाला घरी परततो, दार वाजवतो. खांद्यावर ओलं फडकं टाकलेला एक म्हातारा दार उघडतो आणि म्हणतो, "केवढा उशीर." नकाशेवाला खाली वाकून बूट काढतो. मग दोघं कितीतरी वेळ नुसते हात धरून उभे राहतात. मागे कोणीतरी खिदळलं. निवृत्त पोस्टमास्तर, जे मंडळाचे ताईंच्या खालोखाल जुने सभासद, ते उठून बाहेर गेले. ताई जागच्या हलल्या नाहीत.

घरी येऊन मात्र त्या रडल्या. म्हणजे इतकी वर्षं याचं दार उघडणारं कोणीतरी होतं. एकट्या फक्त आपणच होतो. हे त्यांचं खरं दुखणं होतं, पण असलं दुखणं कागदावर लिहिता येत नाही. त्यांनी ठराव लिहिला: चित्रपटातला नकाशेवाला आमचा नकाशेवाला नव्हे, त्याची विटंबना झाली आहे, मंडळ त्याला मानत नाही. पोस्टमास्तरांनी अनुमोदन दिलं. ठरावाची प्रत सगळ्या सभासदांना टपालाने गेली, गावातल्यांना आणि बाहेरच्यांनाही.

धाकटा बाहेरच्यांत होता. नऊ वर्षं तो दुसऱ्या शहरात एका मित्राबरोबर राहत होता. दर रविवारी चार वाजता त्याचा फोन यायचा. पाणी येतंय का, गुडघा कसा आहे, बॉसचा त्रास कमी झाला का, असं दहा मिनिटं बोलणं व्हायचं. चार वर्षांपूर्वी ताई एकदाच त्यांच्याकडे राहून आल्या होत्या. घरात एकच पलंग होता आणि उशाशी दोन चष्मे. ताईंनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. त्यावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. पुढे त्या मित्राचा समोरचा दात अर्धा तुटला तेव्हा धाकट्याने माप ताईंकडे पाठवलं. ताईंनी रंग जुळेना म्हणून ती कॅप तीनदा बनवली. काम झालं की साचे फेकून द्यायची रीत होती, हा साचा मात्र त्यांनी फळीवर ठेवला आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं, मित्र. आपण काही विचारत नाही, म्हणजे धाकट्याला सांभाळून घेतो, अशी त्यांची समजूत होती.

ठरावाच्या सभेला नऊ पाकिटं आली होती. एकाने लिहिलं होतं, माझं बालपण नासवलं. एकीने विचारलं होतं, मुलांना आता काय सांगू. तिसऱ्याचं म्हणणं, त्याला नकाशे काढता येतात ना, मग मला पुरे. एका सद्गृहस्थांनी तर यानाचं दार निळ्याचं हिरवं केल्याबद्दल सहा पानं खरडली होती, नकाशेवाल्याबद्दल चकार शब्द नाही. लोक हसले, ताईही हसल्या. मग त्यांनी नववं पाकीट फोडलं. छापील अक्षर, वर नंबर.

"सभासद क्रमांक एकेचाळीस," त्यांनी वाचलं. नंबर कोणाचा हे बघायला त्यांना वही लागली नाही. धाकट्याला तेराव्या वर्षी त्यांनीच सभासद करून घेतलं होतं.

"मी हे पहिलं पत्र लिहितोय आणि हेच शेवटचं. नकाशेवाल्याच्या घरी दार कोण उघडत असेल, हे मला बाराव्या वर्षीच कळलं होतं. बाकीचे घरच्या आठवणी काढायचे तेव्हा तो उठून का जायचा, तेही कळलं होतं. त्याला सांगायला घर नव्हतं असं नाही, सांगायची सोय नव्हती."

ताईंनी पान उलटलं. खालच्या ओळी त्यांच्या डोळ्यांनी आधीच टिपल्या. चार ओळी गाळल्या असत्या तर कोणाला पत्ता लागला नसता. त्या वाचत राहिल्या.

"माझ्या मोठ्या बहिणीला वाटायचं, तो तिच्यासारखा एकटा आहे. तो आहे म्हणून ती खूश असायची. तिने माझ्यासाठी सगळं सोडलं होतं. तिच्याकडे सोबतीला एवढा एकच होता, तो मी कसा काढून घेऊ? म्हणून मी तिला त्याच्याबद्दल काही बोललो नाही, आणि मग माझ्याबद्दलही बोललो नाही. माझं मत ठरावाविरुद्ध आहे. ठराव मंजूर झाला तर माझा नंबर खोडावा. ज्या घरात नकाशेवाल्याला जागा नाही तिथे मलाही नाही, हे मी समजून घेईन, आणि रविवारी कोणाला त्रास देणार नाही."

रविवारचं ते वाक्य ताईंशिवाय कोणाला कळलं नसणार. पोस्टमास्तर मात्र चष्मा काढून ताईंकडे बघत राहिले.

"हा ठराव मी मांडला होता," ताई म्हणाल्या, "मी मागे घेते."

"ताई, अनुमोदन माझं आहे," पोस्टमास्तर हळू म्हणाले. "ठराव आता सभेचा झाला. नियम तुमचाच."

हात वर झाले. ठरावाच्या बाजूने एकोणीस, विरुद्ध चौदा, त्यात ताईंचा एक आणि एकेचाळीस नंबरचा पत्राने आलेला एक. ताईंनी निकाल नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिला. मग नंबरांची वही उघडली आणि एकेचाळीसवर रेघ मारली. पहिल्या पानावर परत येऊन एक नंबरवरही मारली आणि वही पोस्टमास्तरांपुढे सरकवली.

"तुम्ही कशाला?" ते म्हणाले. "तुमचं काय गेलंय यात?"

"माझंच गेलंय," ताई म्हणाल्या. "मीच घालवलं."

जिना उतरून त्या लॅबमध्ये आल्या. रविवार म्हणून खाली कोणी नव्हतं. चार वाजेपर्यंत थांबायचा धीर त्यांना नव्हता, आणि चारला फोन येईलच याची खात्रीही नव्हती. त्यांनी फळीवरचा साचा काढून समोर ठेवला आणि स्वतःच फोन लावला. बराच वेळ घंटा वाजत राहिली.

"ताई?" धाकटा म्हणाला.

"पत्र वाचलं."

"पूर्ण?"

"नियम माझाच आहे ना."

त्याने विचारलं, "आणि नंबर?"

"खोडला. तुझाही, माझाही."

त्यांनी साच्यावरून अंगठा फिरवला. समोरचा दात अर्धाच होता, कॅप बसवायच्या आधीचा.

"तो घरात आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"दार उघडतो तो."

धाकट्याला हो म्हणता येईना. त्याचं रडणं ताईंनी आई गेली तेव्हा ऐकलं होतं, त्यानंतर आज. त्या थांबल्या. "त्याला दे फोन," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली कॅप बसवून, मी मेलीने साधं विचारलंही नाही."

फोन हातातून हातात गेला. "बोला, ताई," दुसरा आवाज आला, जरा घाबरलेला.

"चावताना दुखतं का?"

"नाही. छान बसलाय दात."

"तसं सगळेच म्हणतात. मी बनवते त्यांची तोंडं मला कधी बघायला मिळत नाहीत," ताई म्हणाल्या. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं या. सकाळी दहाला या, त्या वेळेला मी आता मोकळीच असते."